न दचकवणारा दिवा

घाबरली की माणसं गप्प होतात म्हणे. मी घाबरले की बोलते, आणि बोलते ते थेट वचनच देते. एकदा बसचा टायर फुटला तेव्हा शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंना, त्यांच्या मुलीच्या लग्नाला नक्की येते, असं सांगून मी मोकळी झाले होते. (गेले. जेवण चांगलं होतं.) त्यामुळे घरच्या घरी प्रोजेक्टर बनवायचा निर्णय श्रुतिकाने, म्हणजे मी, घेतला, असं जे आमच्या घरात सांगितलं जातं, ते पूर्ण खरं नाही. तो निर्णय आमच्या कुकरने घेतला.

विषय शिमग्याचा चालला होता. माझं सासर संगमेश्वराकडचं. तिथे होळीनंतर वाघजाईची पालखी गावातल्या प्रत्येक घरी जाते. अंगणात नाचते, पाटावर बसते, ओटी घेते, गुरवाने घातलेलं घराचं गाऱ्हाणं ऐकते आणि मग पुढच्या घराकडे वळते. आमच्या अंगणात पालखी आली की पुढचा खांदा माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे पप्पांचा. घराजवळच, विक्रोळीतल्या कंपनीत ते टूलरूमला होते, तेव्हा रजा मिळाली नाही तर ते आजारी पडायचे, आणि दरवर्षी नेमके शिमग्यालाच. गेल्या वर्षी ते खरोखरच घरी होते. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं आणि डॉक्टरांनी घाटातला प्रवास बंद केलेला.

पण काळजी नुसत्या पालखीची नव्हती. फिजिओथेरपीवाली निधी रोज यायची. "काका, वॉकर सोडा, दोन पावलं टाका," म्हणायची. काका वॉकर धरून उभे राहायचे, समोरच्या भिंतीकडे बघायचे आणि पुन्हा खुर्चीत बसायचे. एकदा जाताना ती दारात मला हळूच म्हणाली, "ताई, गुडघे मस्त झालेत. काकांनाच चालायचं नाहीये. असेच बसून राहिले ना, तर मात्र आखडतील."

तर त्या दिवशी माझ्या नवऱ्याने, सर्वेशने, तोडगा काढला. "पप्पा, अनय गावाहून व्हिडिओ कॉल लावेल. मोबाईलवर बघू आपण." अनय म्हणजे त्याचा चुलतभाऊ. गावी आंब्याची बाग सांभाळतो.

"मोबाईलवर देवी माझ्या अंगठ्याएवढी दिसते," पप्पा पेपरमागून म्हणाले. "अंगठ्याला नमस्कार करू?"

"मग टीव्हीला जोडतो."

"टीव्ही आपण लोळून बघतो, सर्वेश. पालखी आली की माणूस उभा राहतो."

त्यातलं 'उभा राहतो' ऐकून सासूबाईंनी हातातली मेथी निवडायची थांबवली. कुणीच काही बोलेना. अशी शांतता मला सहन होत नाही, आणि नेमक्या त्या शांततेत स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली.

"मी दाखवते," मी म्हणाले. "भिंतीवर. माणसाएवढी. मी प्रोजेक्टर करते घरी."

पप्पांचा पेपर खाली आला. "करते म्हणजे? आणते?"

दुसरी शिट्टी झाली. "करते," मी म्हणाले. (तिसरी झाली असती तर मी संगमेश्वरापर्यंत भुयार खणायचं कबूल केलं असतं.)

"पेटी कशाची करणार?" पप्पांनी विचारलं. "प्लायवूडची करू. माळ्यावर आहे."

ऑपरेशननंतर त्यांनी स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता. सर्वेशने तोंड उघडलं होतं, बहुतेक 'भाड्याने मिळतो गं' असं म्हणायला. पण सासूबाईंनी मेथीची जुडी त्याच्या हातात दिली आणि तो विषय तिथेच संपला.

आता माझी लायकी सांगते. मी बी.एस्सी. फिजिक्स. ऐकायला बरं वाटतं. पण प्रॅक्टिकलला जरा कुठे ठिणगी उडाली की मी पार्टनरच्या मागे लपायचे. सगळी रीडिंग्ज जान्हवीने घेतली, मी फक्त ग्राफ सुंदर काढले. सध्या मुलुंडच्या एका क्लासमध्ये नववी-दहावीला विज्ञान शिकवते. तिथे ठिणगी फक्त फळ्यावर असते आणि तीही मीच काढलेली असते.

घरगुती प्रोजेक्टरचं तत्त्व मात्र सोपं आहे. कॉम्प्युटरचा जुना मॉनिटर उघडायचा, आतला पारदर्शक पडदा अलगद सोडवायचा. त्याच्या मागे एक जबरदस्त दिवा, पुढे भिंग. उजेड चित्रातून आरपार जातो आणि चित्र भिंतीवर पडतं. मॉनिटर सर्वेशच्या कॉलेजच्या काळातला माळ्यावर होता, भिंगं ऑनलाइन मिळाली. राहिला दिवा. आणि इथेच आमच्या सुखी कुटुंबाचे चार पक्ष झाले.

"हॅलोजन," पप्पा म्हणाले. "कंपनीत रात्रपाळीला यार्डात लावायचो. सुई पडली तरी दिसायची."

"एलईडी," सर्वेश म्हणाला. "आता कोण हॅलोजन वापरतं?"

"साधी ट्यूबलाइट नाही का चालणार?" सासूबाई म्हणाल्या. "घरात आहे एक जास्तीची."

माझा पक्ष ठरेना, म्हणून मी इंटरनेटवर वाचायला बसले आणि तिथे आमच्या घरापेक्षा मोठी भांडणं लागलेली दिसली. जगाच्या पाठीवर कुठे कुठे लोक खोक्यात दिवे घालून बसले होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याचं घर जळणार. मी जितकं वाचलं तितकी माझी झोप उडाली. शेवटी पप्पा घरातले मोठे, म्हणून पहिला मान हॅलोजनला दिला.

कोपऱ्यावरच्या मंडपवाल्याकडून एक दिवा मागून आणला. पेटीत बसवला, पडदा लावला, लॅपटॉपवर सर्वेशचा लग्नातला फोटो लावला आणि बटण दाबलं. फट्कन असा काही उजेड झाला की मी मागच्या मागे सासूबाईंच्या मांडीवर जाऊन बसले. भिंतीवर सर्वेश उभा होता. म्हणजे, डोक्यावर उभा होता. भिंगातून चित्र उलटं पडतं हे मी गेली दोन वर्षं मुलांना शिकवतेय.

"मी असाच दिसतो का हिला?" सर्वेशने विचारलं.

"लग्नानंतर सगळेच असे होतात," पप्पा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी ते हसले.

पडदा फिरवून सर्वेशला सरळ केला. पण थोड्याच वेळात त्याच्या नाकाच्या जागी एक काळा डाग उमटला आणि पसरत पसरत फेट्यापर्यंत गेला. उष्णतेने पडदा काळा पडत होता. पेटीतून वास येऊ लागला. मी बटण बंद करायला धावले, तर सासूबाई पेटीजवळ वाकून काहीतरी बघत होत्या.

"आई, लांब व्हा. भाजेल."

"तेच बघतेय," त्या म्हणाल्या. "सकाळी वाळत घातलेला पापड चुकून इकडे राहिला होता. छान भाजलाय गं. तेलही लागलं नाही."

पडदा गार झाल्यावर सावरला, पण हॅलोजनचा पक्ष त्या पापडाबरोबर संपला. सासूबाईंची ट्यूबलाइट मनाचं समाधान म्हणून लावून पाहिली. सर्वेश असा दिसला की जणू तो वारला आहे आणि आम्हाला भेटायला आलाय. ती लगेच काढली.

मग मी आणि सर्वेश घाटकोपरला एका दिव्यांच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "हॉल केवढा आहे?"

"दहा बाय बारा," मी म्हणाले.

"मीटर?"

"फूट. घराचा हॉल."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग सर्वेशकडे बघितलं. सर्वेशने 'माझ्याकडे बघू नका' अशी मान हलवली. तरी तो भला माणूस एकेक दिवा लावून दाखवू लागला. हॅलोजन लावला तेव्हा मी झुंबरांच्या खोक्यांना धडकले. एलईडी लावला तेव्हा मी नेमकी त्याच्याकडे टक लावून बघत होते, त्यामुळे पुढे बराच वेळ मला त्या माणसाला दोन हिरवी डोकी दिसत होती.

"हाच घे ना यार," सर्वेश म्हणाला. "बटण दाबलं, लागला. दाबलं, बंद. मागे एक जाड ॲल्युमिनियमचा तुकडा लावला की झालं."

"पण तो एकदम लागतो. मी दचकते."

"तुला दचकायला दिवा कशाला लागतो? परवा तू इडलीला दचकलीस."

"ती साच्यातून उडाली होती."

तेवढ्यात त्या माणसाने तिसरा दिवा लावला. मेटल हॅलाइड. मोठ्या शोरूममध्ये, बॅडमिंटनच्या हॉलमध्ये असतो तो. सोबत विटेएवढा जड चोक. बटण दाबलं तर काहीच झालं नाही. मग काचेच्या आत एक फिकट जांभळी ठिणगी जागी झाली. ती निळसर झाली. मग जशी खिडकीत पहाट होते तसा उजेड आपापल्या सवडीने वाढत गेला, आणि शेवटी इतका पांढराशुभ्र झाला की दुकानातली बाकीची झुंबरं ओशाळली. आणि या सगळ्यात मी एकदाही दचकले नव्हते.

"हा," मी म्हणाले.

"एक सांगतो, मॅडम," दुकानदार म्हणाला. "हा लागायला वेळ घेतो. आणि गरम असताना बंद पडला तर परत लगेच लागत नाही. पूर्ण थंड व्हावा लागतो. घाई केली तर ऐकत नाही."

शहाण्या बाईने यात धोका ओळखला असता. मी मनात म्हटलं, मी तरी वेगळी कुठे आहे? मलाही लगेच काही जमत नाही, आणि एकदा बिनसलं की थोडा वेळ द्यावाच लागतो. आयुष्यात पहिल्यांदा मला समजून घेणारा दिवा भेटला होता.

"एलईडी," सर्वेश पुटपुटला.

"हा," मी म्हणाले.

पुढचे दिवस पप्पांचे होते. खुर्चीत बसून त्यांनी अख्खी पेटी केली. कोपरे असे बसवले की नख जाणार नाही. दिव्याच्या पुढे जाड काच लावली. जुन्या गिझरमधला कटआउट काढून पेटीत बसवला, म्हणजे फार तापलं तर दिवा आपोआप बंद. वारा जायला एका बाजूला जाळी ठेवली आणि जाळीसमोर आमचा टेबलफॅन. निधी रोज यायची आणि म्हणायची, "काका, हात काय सुंदर चालतायत. आता पाय." काका म्हणायचे, "पटाशी दे जरा."

हॉलमध्ये चित्र मोठं पडायला पेटी भिंतीपासून लांब हवी होती. म्हणून ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवली आणि उजेड दारातून हॉलच्या भिंतीवर टाकला. चित्र झकास आलं. फक्त ओटा गेला. पालखीच्या दिवशीच्या पुरणपोळ्या शेजारच्या डेल्फिन आंटींच्या घरात करायचं ठरलं. आंटींनी एकच अट घातली. "पोळ्या माझ्या गॅसवर, तर पहिली खुर्ची माझी."

एक अडचण मात्र होती. आमच्या घराला मंद दिवा सहन होत नाही. पहिल्या चाचणीत दिवा जांभळा असतानाच सासूबाई म्हणाल्या, "लूज कनेक्शन आहे," आणि त्यांनी बटण खालीवर केलं. दिवा रुसला. तो थंड होऊन परत लागतो तोवर पप्पांनी होल्डर हलवून पाहिला. परत रुसला. त्या संध्याकाळी आम्ही चित्र कमी आणि जांभळी ठिणगीच जास्त पाहिली. शेवटी मी दिव्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हात लावू नये'. इतकी खबरदारी घेतल्यावर आता काही बिघडणं शक्य नाही, असं मला वाटलं. (मला असं वाटतं तेव्हा घरच्यांनी सावध व्हावं.)

पालखीचा दिवस आला. संध्याकाळ व्हायच्या आधीच खिडक्यांना चादरी लावल्या. डेल्फिन आंटी फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये पहिल्या खुर्चीत बसल्या. सासूबाईंनी इरकली नेसली, ओटीचं ताट तयार केलं. पप्पांनी पांढरा सदरा घातला, टोपी घातली आणि खुर्चीत ताठ बसले. वॉकर शेजारी. दिवा मी बराच आधी लावून ठेवला होता. तो शांतपणे उजळत गेला आणि भिंतीवर आमचं गावचं अंगण उघडलं. आंब्याचं झाड, पडवी, दारासमोर काढलेली रांगोळी. सगळं माणसाएवढं. सर्वेशसुद्धा एलईडी विसरला.

"दिसतंय का, वहिनी?" अनयचा आवाज आला. फोन धरून तो पडवीत उभा होता. "पालखी वळणावर आलीय."

ढोल ऐकू आला. मी दचकले, पण सगळेच थोडे हलले म्हणून ते कुणाला कळलं नाही. भिंतीवरच्या अंगणात गुलाल उडाला आणि पालखी आत आली. पप्पांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले. मी देवीकडे न बघता त्यांच्याकडेच बघत होते. ते किंचित पुढे झुकले. उठतायत, मला वाटलं. आता उठतायत.

खट्, असा आवाज झाला आणि भिंत काळी झाली.

मी किंचाळले. ढोल वाजतच होता, कारण गावाला काही माहीत नव्हतं. सर्वेश स्वयंपाकघरात धावला. मीही मागोमाग गेले. तिथे काळोखात सासूबाई उभ्या होत्या. हातात निरांजन, ज्योत अगदी स्थिर.

"आई, काय झालं?"

"काही नाही गं. वात लागेना. वारा लागत होता, म्हणून पंखा बंद केला."

आता यात त्यांना काय बोलणार? निरांजन लावायचं तर आधी पंखा बंद करायचा. हे माझ्या आजीने केलं, आईने केलं, मी स्वतः रोज करते. आरतीच्या वेळी कुणी उठून पंख्याचं बटण बंद केलं नाही, असं घर मी पाहिलेलं नाही. चिकटपट्टी मी दिव्याच्या बटणाला लावली होती. पंख्याच्या बटणाला लावायचं माझ्या डोक्यात आलं नाही, कारण त्या बटणाला हात लावणं हे मला हात लावणं वाटतच नव्हतं. वारा थांबला, पेटी तापली, कटआउट उडाला. पप्पांनी तो इतका चोख बसवला होता की त्याने जराही दयामाया दाखवली नाही.

"परत लाव की," डेल्फिन आंटी हॉलमधून म्हणाल्या.

"लागणार नाही," मी म्हणाले. "थंड व्हावा लागतो."

"किती वेळ?"

"त्याला वाटेल तेवढा."

सर्वेशने माझ्याकडे बघितलं. त्याच्या ओठांवर 'ए' आलेला मला दिसला. पण नवरा चांगला आहे. त्याने तो गिळला आणि टेबलफॅन सुरू करून पेटीकडे वळवला. डेल्फिन आंटी उठल्या, आमचं सूप घेऊन आल्या आणि पेटीला वारा घालू लागल्या. मी हॉलमध्ये आले. रडू आलं होतं.

"पप्पा, लॅपटॉपवर दिसतंय," मी म्हणाले. "इथे बघा तोवर."

पप्पांनी त्या छोट्या चित्राकडे पाहिलं आणि मान फिरवली. "नको. येईल तेव्हा बघू. अनय आहे का?"

"आहे, काका."

"गुरवदादांना सांग, मुंबईचा दिवा गेलाय. जरा थांबाल का विचार."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. देवीला थांबायला सांगायचं, तेही माझ्या दिव्यासाठी. अख्खा गाव खोळंबणार. अनयने फोन खाली केला. आम्हाला गुलालाने लाल झालेली कुणाची तरी पावलं दिसली आणि बोलणं ऐकू आलं.

"काय झाला रं?"

"मुंबैत दिवा तापलाय. काका म्हणतायत, थांबा जरा."

"चंद्रप्रकाश म्हणतोय?" चंद्रप्रकाश म्हणजे आमचे पप्पा.

"व्हय."

तिकडे ढोल थांबला. मग गुरवदादांचा आवाज आला, इतका सहज की जणू दरवर्षीच कुठला ना कुठला दिवा तापत असतो. "मंग बसू दे आईला पाटावर. पोरांचे खांदे पण दुखतायत. चाय ठेवा."

आणि पालखी थांबली. तिकडे अंगणात चहा फिरला, इकडे स्वयंपाकघरात सूप. वाडीतून कुणीतरी येऊन विचारलं, आमच्याकडे अजून का नाय आली? त्याला उत्तर मिळालं, मुंबैचा दिवा थंड व्हतोय. तो पुढच्या घरी सांगायला गेला. अशी ती बातमी माझ्या नावासकट घरोघर पोचली. पालखीला घरोघर पोचायला किती वेळ लागला, हे मला माहीत नाही. तिच्यापुढे बातमी मात्र धावत गेली.

आंटी दमल्या तेव्हा सूप मी घेतलं. मी दमले तेव्हा सासूबाईंनी. अजून एका हातात निरांजन धरूनच.

"आई, ते विझेल."

"विझू दे. परत लावीन. हे लगेच लागतं," त्या म्हणाल्या, आणि एवढ्या धांदलीतही मला ते लागलं.

मग सर्वेशने कटआउट दाबला आणि चिकटपट्टी सोडवून बटण लावलं. काहीच झालं नाही. सासूबाईंचा हात आपोआप बटणाकडे गेला. मी तो धरला. आम्ही दोघी तशाच हात धरून उभ्या राहिलो.

काचेच्या आत जांभळी ठिणगी जागी झाली.

हॅलोजन असता तर फट्कन सगळं दिसलं असतं. एलईडीही तसाच. पण हा दिवा त्याच्या चालीने आला. आधी भिंतीवर नुसता निळसर काळोख हलला. मग पडवीचा खांब उमटला. मग पाटावरची पालखी, तिचं लाल वस्त्र, आणि सगळ्यात शेवटी देवीचा चांदीचा मुखवटा हळूहळू वर आला. भर अंगणात पहाट झाली. डेल्फिन आंटींनी छातीवर क्रूस केला आणि मग सवयीने हातही जोडले.

तिकडे गुरवदादांनी गाऱ्हाणं घातलं. घरातल्या सगळ्यांची नावं घेतली, मुंबईत असलेल्या लेकरांना सुखी ठेव म्हणाले, आणि प्रत्येक वाक्याला अंगणातून "होय म्हाराजा" आलं. पप्पाही म्हणत होते. त्यांचा आवाज खुर्चीतून येत नव्हता, हे मला उशिरा कळलं.

ते उभे होते. वॉकर खुर्चीशेजारी तसाच होता.

पालखी उचलली, ढोल सुरू झाला आणि पप्पा भिंतीकडे निघाले. एक पाऊल, मग थांबून दुसरं. उजेड त्यांच्या पाठीवर पडला आणि त्यांची सावली समोरच्या अंगणात जाऊन उभी राहिली, नेमकी पालखीच्या दांड्याखाली. पालखी नाचायला लागली तशी सावलीही डावीउजवीकडे झुलू लागली. भिंतीवरच्या भोयांमध्ये एक भोई टोपीवाला होता, आणि तो विक्रोळीत होता.

मी घाबरले की बोलते. पण त्या वेळी घाबरलेली असूनही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. सासूबाईंनी माझा हात इतका जोरात दाबला होता की बांगडीचा वण नंतर चांगला आठवडाभर दिसत होता.

दुसऱ्या दिवशी निधी आली. काका स्वतः दार उघडायला गेले. ती एवढी दचकली की मला फार बरं वाटलं.

आता यंदाचं सांगते. यंदा शिमग्याला आम्ही गावी गेलो. पप्पा स्वतःच्या पायांनी. पुढचा खांदा त्यांनी घेतला, थोडाच वेळ, पण घेतला. पालखी आमच्या पाटावर बसली. सासूबाईंनी निरांजन लावलं. (पडवीत पंखा नाही.) गुरवदादा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. चंद्रप्रकाशच्या गुडघ्यांना असंच बळ दे, म्हणाले. अंगण म्हणालं, "होय म्हाराजा." सर्वेशला बढती दे. "होय म्हाराजा." मग ते थांबले, डोळे उघडून त्यांनी मला गर्दीत शोधलं आणि पुन्हा मिटले.

"आन त्याच्या बायकोला, आई, म्होरल्या बारीला एलईडी घ्यायची बुद्धी दे."

"होय म्हाराजा," अख्खं अंगण म्हणालं. सगळ्यात मोठा आवाज सर्वेशचा होता.

मीसुद्धा म्हणाले. देवीसमोर खोटं कशाला बोला?